जानरावचं पाणी

श्रावणात मासेमारी बंद असते, त्यामुळे भल्या पहाटे धरणाच्या काठावर कोणी भोई फिरकत नसे. कौशल्याबाई मात्र रोज यायची. एका हातात प्लास्टिकचं घमेलं, दुसऱ्या हातात खुरपं. वारा सातपुड्याकडून सुटलेला असला की मेलेले मासे हमखास तिच्या घराखालच्या काठाला येऊन लागायचे. कधी चार, कधी दहा. वीतभर लांबीचे कतले, रोहू, पांढरी पोटं वर करून चिखलात डुलत पडलेले. ती ते घमेल्यात भरायची, बेशरमीच्या झुडपांमागे खड्डा खणायची आणि गावाला जाग यायच्या आत पुरून टाकायची. घरी जाऊन हात राखेने घासायची, लिंबाने घासायची. भाकरी मोडताना तरी वास यायचाच.

प्रत्येक माशाच्या कल्ल्यामागे एक बारीक गोल वण असायचा. दोरा आवळल्यासारखा.

तिच्या हातून सुटलेले मासे गावालाही दिसत, पण ते का मरतात याचं उत्तर गावाने कधीच ठरवून टाकलं होतं. जानराव त्याचा वाटा घेतो. जानराव म्हणजे कौशल्याबाईचा नवरा, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. गेल्या श्रावणात तो बुडून मेला, ते बुडालेल्या बाभळींपाशी, जिथे जुन्या नाल्याचा डोह आहे आणि भर उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी राहतं. तिथे आता बांबूला पांढरं फडकं बांधलेलं होतं. त्या भागाला सगळे जानरावचं पाणी म्हणत. तिथे कोणी जाळं टाकत नसे. डोंगा जवळून न्यायचा झाला तरी लोक बोलणं थांबवून वल्हं हळू मारायचे.

कौशल्याबाईला नुसती भुताची भीती असती तर किती बरं झालं असतं. चार लिंबं ओवाळून टाकली असती, एखादं कोंबडं दिलं असतं. पण तिला माहीत होतं की डोहात जाळं आहे. नायलॉनचं, दोनच बोटं शिरतील एवढ्या घरांचं. ते तिने स्वतः विणलं होतं, जानरावने बंदीच्या दिवसांत तिथे लावलं होतं आणि त्याच्या मागे ते बाभळींच्या खुंटांना अडकून तसंच उभं होतं. नायलॉन कुजत नाही. त्यात मासा अडकतो, मरतो, सडतो, सडला की गळून वर येतो आणि रिकाम्या घरात दुसरा येऊन अडकतो. जाळ्याला थोडंच कळतं की मालक गेला.

हे सगळं कळत असूनही ती घाबरायची, ही आणखी वेगळी गोष्ट. जिवंतपणी जानराव कधी रिकाम्या हाताने घरी आला नव्हता. अजूनही येत नव्हता. खड्ड्यावर माती लोटताना तिला वाटायचं, तो मागे कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि विचारतोय, आज किती झाले.

त्या सकाळी मात्र मागे खरंच कोणी उभं होतं. तिने घाईघाईने शेवटची माती पायाने दाबली. सहदेव होता, सोसायटीचा सचिव. जानरावच्या हाताखाली तयार झालेला, चाळिशीचा, बोलका आणि समारंभाची अतोनात हौस असलेला.

"वैनी, इथं काय करून राह्यल्या?"

"काई नाई. शेन पुरून राह्यली."

सहदेवने शेणाचा विचार केला नाही. त्याच्या डोक्यात मोठी बातमी होती. "पोळ्याच्या करीले मासे खात्याच्या हिमानी मॅडम येऊन राह्यल्या. बोर्ड लावतो आपन. जानराव भाऊंच्या नावाचं राखीव पानी. मॅडम म्हने, अख्ख्या जिल्ह्यात असं कोनी नाई केलं. आन बोटुकलीचा ट्रक येते. पन्नास हजार पिल्लं. पयली घागर तुमच्या हातानं सोडायची."

"कुठं सोडायची?"

"काय इचारता वैनी. तिथंच. भाऊंच्या पान्यात. तिथं कोनी मारत नाई, पिल्लं वाढतीन."

कौशल्याबाईने खुरपं पदराला पुसलं. "दुसरीकडं सोडा ना. मंदिराकडं सोडा. तिथं गवत हाये."

"तुमीच त म्हनल्या होत्या, त्या पान्यात कोनी जाळं टाकू नोका."

म्हणाली होती. खरंच म्हणाली होती. तेराव्याच्या दिवशी, सगळी सोसायटी ओसरीत बसलेली असताना पदर तोंडावर घेऊन ती म्हणाली होती, माह्या मानसाचा जीव गेला तिथं कोनी जाळं टाकू नोका. बाया रडल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या आणि ठराव झाला. तिच्या मनात दुःख होतं, नव्हतं असं नाही. पण त्याहून जास्त भीती होती, की कोणाचं तरी जाळं तिथे अडकेल आणि वर ओढताना ते दुसरं जाळंही वर येईल. लोकांनी तिच्या लबाडीचं राखीव पाणी केलं होतं. मासेही हुशार. कोणी मारत नाही म्हटल्यावर अख्ख्या धरणातले तिथेच जमायला लागले आणि तिथेच मरायला लागले.

*

जानराव नियमाचा माणूस होता. धरणावर चार बोटांचा कायदा त्यानेच आणला. डोंगा पाण्यात लोटायच्या आधी प्रत्येकाने जाळं काठावर पसरायचं. जानराव वाकून जाळ्याच्या घरात आपली चार बोटं घालून बघणार. शिरली तर जा, नाही शिरली तर घरी जा. बारीक घरांच्या जाळ्यात वर्षभराचं पिल्लू सापडतं, आणि पिल्लूच खाल्लं तर पुढच्या साली काय खाणार, हे तो दर मीटिंगला सांगायचा. लोक कंटाळायचे. पण तीन वर्षांत धरणात पाच-पाच किलोचा कतला दिसायला लागला, तेव्हा कंटाळलेलेच त्याला भाऊ म्हणू लागले.

पुंजाजीचं जाळं त्यानेच पकडलं होतं. पुंजाजी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, त्याला वल्हं मारायला शिकवणारा. जाळ्याची घरं दोन बोटांची निघाली. जानरावने ते काठावर सर्वांसमोर जाळलं आणि नियमाप्रमाणे पुंजाजीचा डोंगा वर्षभरासाठी पालथा घातला. पुंजाजीने हात जोडले होते. त्याची बायको तानाबाई पाया पडली होती. ते वर्ष म्हाताऱ्याने संग्रामपूरकडे वीटभट्टीवर काढलं आणि परत आला तेव्हा त्याच्या एका खांद्याने काम सोडलं होतं.

आणि मग गेला श्रावण. लेक निशिगंधा पहिल्या बाळंतपणाला उंद्रीहून माहेरी आलेली, सातवा महिना. पोरीला अन्न जाईना. पाणी प्यायली तरी उलटी. एक दिवस भिंतीला टेकून ती म्हणाली, माय, बारीक मासोळ्यांचा रस्सा खा वाटते. लहानपणी करत होती तसा.

बारीक मासोळी चार बोटांच्या जाळ्यात राहत नाही. तीन वेळा कौशल्याबाईने नवऱ्यापुढे विषय काढला आणि तीनही वेळा तो भाकरी अर्धी टाकून उठला. शेवटी ती म्हणाली होती, "गावाचे मासे वाचवता, पोटच्या पोरीचे डोहाळे नाई पुरवता येत?" हे बोलणं तिला आता रोज ऐकू यायचं, आणि तिच्याच आवाजात यायचं. दार लावून तिने तीन दुपारी जाळं विणलं. बांबूच्या सुईत नायलॉन भरायचं, पट्टीवर घर घ्यायचं, गाठ मारायची. हात भराभर चालले होते, तिला आनंदही झाला होता. जानरावने जाळं उचललं, बोटं घालून बघितली. दोनच शिरली. त्याने ते गोणीत कोंबलं.

तो तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला सापडला. गाव म्हणालं, बंदीत कोणी चोरून जाळं लावतंय का बघायला गेला आणि राखण करता करता जीव दिला. पायांना हळद लावताना कौशल्याबाईला पोटरीवर चौकटीचौकटीचे वण दिसले, आणि अंगठ्याच्या बेचक्यात रुतलेला, तुटून आलेला नायलॉनचा तुकडा. तो तिने हळदीच्या बोटांनी काढून कमरेला खोचला. सोसायटीच्या खोलीत जानरावचा फोटो लागला. निशिगंधाला मुलगी झाली. रस्सा राहिला तो राहिलाच.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी निशिगंधा दहा महिन्यांची पोर घेऊन आली. बापाच्या नावाचा बोर्ड लागणार म्हणून नवी साडी घेतली होती, तीही दाखवली. जावयाने भाषण लिहून दिलं होतं. "माय, बाबा पान्याची राखन करता करता गेले, असं वाचतानी रडू येते व," ती म्हणाली. कौशल्याबाई चुलीपाशी फुंकणी घेऊन बसली होती. तिने नुसतंच फुंकलं.

रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे घागर येत राहिली. तिच्या हातातली घागर वाकतेय, बोटभर पिल्लं चकाकत पाण्यात पडतायत, आणि खाली जानराव उभा आहे, हात पसरून.

पोळ्याच्या दुपारी गाव बैल सजवण्यात गुंतलेलं असताना ती पुंजाजीच्या दारात गेली. म्हातारा खांद्याला तेल चोळत बसला होता.

"पुंजाभाऊ, एक जाळं काढायचं हाये. खुंटाले अडकलं. एकटीनं नाई निघत."

"कोनाचं?"

"माह्या मानसाचं."

तेलाचा हात थांबला. "किती बोटाचं?"

"दोन."

घरातून तानाबाईच्या बांगड्या वाजत होत्या, त्या वाजायच्या थांबल्या. पुंजाजीने तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं. त्याचा चेहरा हसल्यासारखा झाला, पण ते हसणं नव्हतं.

"त्यानं माह्यं जाळं जाळलं तवा म्या म्हनलं होतं, जानराव, माह्या घरी दोन दिवसाची उपाशी सून हाये. तो म्हने, कायदा त कायदा."

"मले मालूम हाये."

"आन त्याचं लगन लागल्यापासून तू त्याच्या घरात हाये. तुले काई वाटलं नाई?"

"तवा नाई वाटलं," कौशल्याबाई म्हणाली. खोटं बोलून काय मिळणार होतं. "पिल्लं सोडायच्या आंदी काढू. गपचूप. कोनाले कळाले नोको."

"अन् कळलं त?"

पुंजाजीने पुन्हा खांदा चोळायला घेतला. "पाहाटी ये," तो म्हणाला. "तुह्यासाठी नाई येत म्या. ते जाळं पान्यात राह्यलं त माह्याबी पोटावर येते."

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, उजाडता उजाडता दोघं निघाले. विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ दोराला बांधून घेतला होता. पांढऱ्या फडक्यापाशी पुंजाजीने वल्हं उचललं आणि डोंगा आपोआप थांबू दिला. पाणी हिरवं आणि स्थिर होतं. गेल्या वर्षभरात ती इथे आली नव्हती. तिने मनातल्या मनात नवऱ्याला सांगितलं, हे जाळं घेऊ द्या, आणि लगेच कोणी तरी ऐकतंय असं तिला पक्कं वाटलं.

पहिल्यांदा गळ रिकामा आला. दुसऱ्यांदा खुंटात रुतला, तो सोडवायलाच अर्धा तास गेला. चौथ्या वेळी दोराला वेगळीच ओढ लागली. जड, पण मऊ. कोणी हाताला धरून हळू ओढावं तशी. कौशल्याबाईने दोर सोडला.

"काऊन सोडलं?" पुंजाजी ओरडला नाही, हळूच बोलला. त्याचंही तोंड उतरलं होतं. "जाळंच हाये बाई ते. ओढ."

दोघांनी ओढलं. म्हाताऱ्याचा एकच खांदा चालत होता. जाळं शेवाळाने दोरखंडाएवढं जाड झालेलं, वीत वीत वर यायला लागलं. नायलॉन तिच्या बोटांत रुतत होतं. त्यात माशांची डोकी होती, नुसते काटे होते, अर्धे सडलेले कतले होते. पंख मिटलेला एक पाणकावळा होता. वास असा, की पुंजाजीने उपरणं नाकाला बांधलं. मधेच एखादा मासा अजून फडफडत असायचा. कौशल्याबाई विळ्याने नायलॉन कापून त्याला पाण्यात सोडायची. असे सात-आठच निघाले. प्रत्येक हातागणिक तिला तिच्या गाठी दिसत होत्या. एक गाठ सैल नव्हती. विणकाम चांगलं झालं होतं.

जाळ्याचं शेवटचं टोक बाभळीला गच्च अडकलं होतं. पुंजाजी म्हणाला, कापून टाक. ती म्हणाली, तुकडाही ठेवायचा नाही. त्या तुकड्यापायी आणखी तास गेला. वर बघितलं तर ऊन चांगलंच वर आलेलं, आणि काठावर माणसं. ट्रक उभा होता. मंडप होता. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

डोंगा काठाला लागला तेव्हा जाळ्याचा ढीग पाहून पोरं आधी मागे सरकली. सहदेव नव्या सदऱ्यात धावत आला. त्याने जाळं बघितलं, वाकून घरात बोटं घातली. दोन. मग त्याने पुंजाजीकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला. सगळं जागच्या जागी बसलं होतं.

"पुंजाजी, पुन्हा? आन भाऊंच्या पान्यात? लाज नाई वाटली?" तो हिमानी मॅडमकडे वळला. "यायचं जाळं आंदीबी पकडलं होतं मॅडम. वैनीनं आज स्वतः पकडून आनलं."

गर्दीतून शिव्या सुरू झाल्या. बायांमध्ये उभी असलेली तानाबाई पुढे यायला निघाली, पण पुंजाजीने हात वर करून तिला थांबवलं. त्याने उपरणं नाकावरून खाली ओढलं आणि कौशल्याबाईकडे बघत राहिला. तिला पळून जावंसं वाटलं. गप्प राहिलं की झालं, एवढं सोपं होतं. बोर्ड लागला असता, पोरीने भाषण वाचलं असतं. म्हातारा पुन्हा वीटभट्टीवर गेला असता, आणि या वेळी परत आला नसता.

"त्यायचं नाई," कौशल्याबाई म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. "ते जाळं माह्यं हाये. म्या विनलं. माह्या मानसानं लावलं, बंदीत. राखन कराले नाई गेला तो. जाळं लावाले गेला, आन त्याच्यातच पाय अटकून मेला. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. म्हनून म्या तुमाले म्हनलं, तिथं जाऊ नोका."

ट्रकमधल्या टाकीत हवा सोडणारं यंत्र गुरगुरत होतं, तेवढाच आवाज उरला. सहदेवचं तोंड उघडंच राहिलं. हिमानी मॅडमने बोर्डवरच्या फुलांच्या माळेकडे बघितलं.

"कायदा सगळ्यायले एक," कौशल्याबाई म्हणाली. "माह्यं जाळं जाळा. डोंगा पालथा घाला. पिल्लं मंदिराकडं सोडा."

तेव्हा तानाबाई पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू जात होता. "आमी त उपाशी होतो म्हनून लावलं. तुमच्या घरी काय कमी होतं? काऊन लावलं त्यानं?"

कौशल्याबाईने मान वर केली. मंडपाच्या खांबापाशी निशिगंधा उभी होती. कडेवर पोर, हातात भाषणाचा कागद. ती मनात महिने मोजत होती हे आईला इथूनही दिसत होतं. श्रावण, सातवा महिना, भिंतीला टेकून म्हटलेलं एक वाक्य. पोरीचं तोंड उघडायला लागलं.

"माह्या जिभेसाठी," कौशल्याबाई घाईने म्हणाली. "मले बारीक मासोळ्यायचा रस्सा खा वाटला. म्या त्याले टोचून टोचून धाडलं. तो नाई म्हनत होता."

बायांमधून एक सुस्कारा आला. कोणी तरी म्हणालं, नवऱ्याले खाल्लं हिनं. कोणी तरी थुंकलं. पुंजाजीने चमकून तिच्याकडे बघितलं, मग खांबाकडे, मग पुन्हा पाण्याकडे.

"माय," निशिगंधा म्हणाली. "माय, तू..."

"पोरगी उन्हात हाये. तिले सावलीत घेऊन जाय."

निशिगंधा हलली नाही. सहदेव सोसायटीचं रजिस्टर घेऊन आला होता, ठराव लिहायला. त्याने पान उघडलं, दोन शब्द लिहिले, खोडले. "वैनी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "कारन लिहावं लागते. तुमच्या जिभेसाठी, असं लिहू? हे कायमचं राह्यते."

"हाव," कौशल्याबाई लेकीकडे बघत म्हणाली. "असंच लिवा."